माहेरची गाडी

"मागून लाथ कुणी मारली?"

दिगंबरने मैदानात बसल्या बसल्या असं विचारलं, तेव्हा मी जवळच बायकांच्या रांगेत बसले होते. त्याच्या मागे कुणीच नव्हतं. पाठीवर खो मिळताच तो उठला होता, पहिलंच पाऊल जोरात टाकलं होतं, आणि वाळकी काठी मोडावी तसा आवाज झाला होता. तो आवाज आमच्या रांगेपर्यंत आला. दिगंबर खाली बसला आणि वळून वळून मागे बघू लागला.

"कुणी नाही मारली रे," भोईटे सर त्याच्याजवळ गुडघे टेकत म्हणाले. ते त्याचे प्रशिक्षक. त्यांनी त्याच्या टाचेच्या वर अंगठा दाबून पाहिला आणि लगेच हात काढून घेतला. मग कुणाकडेच न बघता म्हणाले, "जीप आणा. याला उभं करू नका."

आमच्या लग्नाला तेव्हा सात-आठ महिने झाले होते. आता मी दिगंबरला एकेरी हाक मारते, पण तेव्हा 'अहो'च्या पुढे माझी मजल नव्हती. खो-खोचा सामना मी त्या दिवशी पहिल्यांदाच बघत होते. तोपर्यंत मला त्याचा खेळ म्हणजे मातीने भरलेले कपडे आणि सकाळी लवकर उठून भिजवलेल्या हरभऱ्यांची वाटी एवढाच माहीत होता. फलटणमध्ये मात्र त्याला सगळे ओळखत. दिगंबर नाळे उठला की समोरचा पळणारा बाद झालाच, असं लोक म्हणायचे. पुढच्या महिन्यात तो राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता. ती एक स्पर्धा झाली की खेळाडूंच्या कोट्यातून त्याला नोकरी लागणार, हे घरात जवळजवळ ठरल्यासारखंच होतं.

टाचेच्या मागची जाड शीर तुटली होती. साताऱ्याला ऑपरेशन झालं, गुडघ्यापर्यंत प्लास्टर आलं. सुरुवातीला घर माणसांनी भरलेलं असायचं. मैदानावरची पोरं त्याच्या खाटेवर दाटीवाटीने बसायची, प्लास्टरवर सह्या करायची. तोही हसायचा, आलेल्या प्रत्येकाला लाथेची गोष्ट रंगवून सांगायचा. मग संघ स्पर्धेला गेला आणि रौप्यपदक घेऊन परत आला. पोरं पेढे घेऊन आली. दिगंबरने पेढा खाल्ला, त्याच्या जागी खेळलेल्या मुलाची पाठ थोपटली, कोणत्या डावात काय झालं ते सगळं खोदून खोदून विचारलं. ती गेल्यावर मी आत आले, तर तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मला वाटलं, दमला असेल.

पण मग तो तसाच झोपू लागला. प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम त्याने थोडे दिवस केले आणि सोडून दिले. अंघोळ म्हटली की "नंतर". ताट समोर ठेवलं की दोन घास चिवडून बाजूला. दाढी वाढली. मला पहाटे कधी जाग आली, तर तो आढ्याकडे बघत पडलेला असायचा. काय होतंय विचारलं तर म्हणायचा, "काही नाही. झोप तू."

आमचं घर म्हणजे पुढे मामंजींचं सायकलचं दुकान आणि मागे तीन खोल्या. गावाबाहेर थोडा मळाही होता. मामंजी दुकानातून आत यायचे, खाटेकडे बघायचे आणि पान्याने काहीतरी ठोकावं तसे बोलायचे. "पाय जुळला ना? मग उठायला काय झालं? पडून राहिलं की अंगात आळस मुरतो." भोईटे सर अधूनमधून यायचे, "मन घट्ट कर रे," म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, काहीच बोलायच्या नाहीत. त्या फक्त त्याच्या उशापाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायच्या आणि जाता येता त्याच्याकडे बघायच्या.

बोलायचं काम शेजारच्या काकींनी घेतलं होतं. त्या नात्याने माझ्या चुलत सासूबाई. दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या. एकदा मी मेथी निवडत असताना त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "बाई, इतकी वर्षं पोरगा खेळतोय, कधी नखाला धक्का लागला नाही. लग्नाला वर्ष भरायच्या आत असं व्हावं? एखादीचा पायगुणच तसा असतो."

मी तिथेच होते. त्यांना ते दिसत होतं. आत्याबाईंनी मान खाली घातली आणि मेथीची एक काडी कितीतरी वेळ नखाने सोलत राहिल्या. त्या गप्प बसल्या, म्हणजे त्यांनाही ते पटतंय, असं मी धरून चालले. आणि आतल्या खोलीत जो माणूस माझ्याशी दिवसदिवस बोलत नव्हता, त्याचंही कारण हेच असणार, असं मला वाटू लागलं. माझ्याकडे पाठ करून झोपतो, माझ्या हातचं खात नाही, माझ्याकडे बघत नाही. दुसरं काय समजायचं होतं मी? मी एकवीस वर्षांची होते. आमची नीट ओळखही झालेली नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी दिगंबर आपण होऊन उठला. दाढी केली, गार पाण्याने अंघोळ केली आणि स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला.

"आई, चहा टाक गं," तो म्हणाला. "आलं घालून."

मामंजी दुकानातून डोकावून गेले. आत्याबाईंच्या हातून साखर सांडली. त्या दिवशी घर हलकं झालं. दिगंबर थोडा लंगडत दुकानात गेला, तिथल्या दाराचा किती दिवस निसटणारा कडी-कोयंडा दुरुस्त केला. दुपारी जेवला. दुसऱ्या दिवशी त्याने मैदानावरच्या पोरांना बोलावून घेतलं आणि आपले बूट, गुडघ्याचे पट्टे, राज्याच्या संघाची जर्सी त्यांच्यात वाटून टाकली.

"अहो, तुम्हाला लागतील ना?" मी विचारलं.

"नवीन घेऊ," तो म्हणाला. किती दिवसांनी तो माझ्याकडे बघून हसला होता. मला इतकं बरं वाटलं की मी शेवयांची खीर केली.

खीर खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "रोहिणी, तू जरा माहेरी जाऊन ये. कंटाळली असशील. मी लोणंदपर्यंत येतो सोडायला, तिथून वाईच्या गाडीत बसवून देतो."

"किती दिवस?"

"राहा की. घाई काय आहे? तुझं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलंय, ते तिथे राहून पुरं कर. आणि हे बघ, तुझे दागिने घेऊन जा. इथे कशाला ठेवतेस?"

माझ्या हातात भांडी होती. ती मी मोरीत ठेवली आणि नळ सोडला. दागिने घेऊन जा, शिक्षण पुरं कर, घाई काय आहे. याचा अर्थ न कळायला मी लहान नव्हते. पुरुष सरळ 'नको' म्हणत नाहीत, हे मी आईच्या, मावशीच्या बोलण्यातून ऐकलेलं होतं. म्हणजे हा खाटेवर पडून इतके दिवस हाच विचार करत होता, आणि ठरवून झाल्यावर याला बरं वाटलं, भूक लागली. मी खीर केली ती माझ्याच पाठवणीची.

निघताना आत्याबाईंनी माझी ओटी भरली. "लवकर ये गं पोरी," म्हणाल्या. पण बघत होत्या दिगंबरकडे. त्यांनी त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि विचारलं, "तू संध्याकाळच्या आत येतोस ना?"

"येतो की," तो म्हणाला.

गाडीत त्याने मला खिडकीशी बसवलं. आणि बोलायला लागला. लग्नापासून तो माझ्याशी इतका कधी बोलला नव्हता. शाळेत असताना पहिल्या सामन्यात चुकीच्या दिशेने कसा पळाला, सरांनी त्याला कसं मैदानाभोवती फिरवलं, अण्णांनी, म्हणजे मामंजींनी, दुकानातली भाड्याची सायकल सरावाला जायला कशी त्याच्याकरता राखून ठेवली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. सुटकेचा आनंद माणसाला इतका बोलका करतो, असं मनात येत होतं आणि त्याचा राग येत होता. त्याचा पण आणि माझा पण.

लोणंदच्या स्टँडवर कळलं की वाईच्या गाडीला अजून वेळ आहे. त्याने मला बाकावर बसवलं, समोरच्या गुऱ्हाळातून उसाच्या रसाचे दोन ग्लास आणले. टाचेवर पूर्ण भार न देता तो ग्लास सांभाळत येत होता.

"तुम्ही स्पष्ट बोला," मी म्हणाले. "मला परत न्यायला येणार नाही तुम्ही. असंच ना?"

तो ग्लासात बघत राहिला.

"मग तसं सांगा ना. गोड बोलून कशाला पाठवताय? काकी म्हणतात ते तुम्हालाही पटलं. माझ्या पायगुणाने तुमचा पाय गेला."

"काकी म्हणतात ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी आतच असतो. सगळं ऐकू येतं मला."

"मग?"

"मग म्हणूनच तुला पाठवतोय ना." तो मला समजावत असल्यासारखा, अगदी शांतपणे बोलत होता. "पाय मोडला तरी लोक तुला बोलले. उद्या काही झालं तर पहिलं बोट तुझ्याकडेच जाईल. जन्मभर बोलतील. तू घरात नसलीस, माहेरी असलीस, तर तुझ्या नावाला काही लागायचं नाही."

मी ग्लास बाकावर ठेवला.

"काही झालं म्हणजे काय?"

तो एकदम थांबला. आपण जास्त बोललो हे त्याच्या लक्षात आलं असावं. "काही नाही. बोलायची पद्धत असते."

"मी घरात नसताना काय होणार आहे, अहो?"

तेवढ्यात वाईची गाडी वळण घेऊन फलाटाला लागली. माणसं उठली, दाराशी झुंबड उडाली. दिगंबर उठला आणि माझी पिशवी उचलू लागला. "चल, जागा मिळायची नाही."

मी पिशवीचा दुसरा बंद धरला. ना तो ओढत होता, ना मी. आम्ही दोघं एक-एक बंद धरून तसेच उभे राहिलो. मग मी बंद सोडला आणि त्याचं मनगट धरलं. त्या काळी स्टँडवर नवरा-बायकोने असं हात धरून उभं राहायची रीत नव्हती. शेजारी बसलेली एक म्हातारी आमच्याकडे टक लावून बघायला लागली. मी हात सोडला नाही.

"जीव द्यायचं ठरवलंय का तुम्ही?"

हे शब्द माझ्या तोंडून कसे आले ते मला आजही सांगता येत नाही. मी मोठ्याने बोलले नव्हते. दिगंबर माझ्या हाताकडे बघत राहिला. मग भूक लागली का असं विचारल्यावर लहान मूल हलवतं, तशी त्याने होकारार्थी मान हलवली.

कंडक्टरने दार लावलं. गाडी गेली.

आम्ही बाकावर परत बसलो. मी मनगट धरूनच बसले होते. मग तो हळूहळू बोलू लागला, समोरच्या रिकाम्या फलाटाकडे बघत.

"पाय आता दुखत नाही. दुखत असता तर बरं झालं असतं. लोकांना सांगता तरी आलं असतं." तो म्हणाला, "सगळे म्हणतात मन घट्ट कर. करायला मन सापडलं पाहिजे ना. सकाळ झाली की वाटतं, आता हा दिवस कुठे ठेवायचा? इतकी वर्षं उठलो की पळायला जायचो. आता उठायचं कशाला तेच कळत नाही. पोरं येतात, त्यांचे पाय बघवत नाहीत. अण्णा दुकानात एकटे खपतात, ते ऐकू येतं, आणि माझ्याने उठवत नाही. खरंच उठवत नाही गं. मी आळशी नाही."

"मला माहीत आहे."

"मी नसलो तर सगळ्यांचं ओझं कमी होईल असं वाटायला लागलं. आणि एकदा ठरवलं ना, तेव्हापासून बरं वाटतंय. जेवण जातंय. फक्त तुझी काळजी होती, ती आज मिटणार होती."

मला रडू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, हा माणूस माझा आहे असं वाटलं. जगात त्याला जी एक गोष्ट नीट करून जायची होती, ती माझी होती.

"मला तुमचा खेळ कळतही नाही," मी म्हणाले. "मी एकदाच बघितला, तोही अर्धा. तुम्ही खेळलात काय आणि नाही काय, मला काय समजणार आहे त्यातलं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं आणि मग तो रडायला लागला. ती शेजारची म्हातारी उठली, तिने आपल्या तांब्यातलं पाणी माझ्यापुढे धरलं आणि काही न विचारता परत जाऊन बसली.

त्याचं रडणं थांबल्यावर मी म्हणाले, "उठा. साताऱ्याला जायचंय."

"कशाला?"

"ज्यांनी पाय शिवला त्यांना विचारू. आणखी कोण डॉक्टर आपल्या ओळखीचा आहे?"

साताऱ्याच्या गाडीत या वेळी मी त्याला खिडकीशी बसवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला बसले. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याची टाच दाबून पाहिली, पाऊल वरखाली केलं. "शीर छान जुळली आहे. व्यायाम केला नाहीस वाटतं?" दिगंबरने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. सांगताना मला सारखं वाटत होतं की आता हे हसतील, नाहीतर रागावतील. त्यांनी दिगंबरचं पाऊल हळूच खाली ठेवलं, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मी तुला हे पहिल्याच तपासणीला विचारायला हवं होतं." मग त्यांनी कुणाला तरी फोन लावला आणि आम्हाला दोन गल्ल्या पलीकडच्या डॉक्टर देवस्थळींकडे धाडलं. आपला कंपाउंडरही सोबत दिला.

देवस्थळी बाई पन्नाशीच्या होत्या, सुती साडी नेसलेल्या. आधी त्या दिगंबरशी एकट्याशी बोलल्या. दाराबाहेर मला त्यांचा आवाज ऐकू येत नव्हता, फक्त मधूनमधून त्याचा. मग मला आत बोलावलं.

"यांना काय झालंय असं तुम्हाला वाटतं?" त्यांनी मला विचारलं.

"खेळ सुटला म्हणून मन लागत नाही," मी म्हणाले.

"सुरुवात तिथून झाली. पण आता नुसतं मन लागत नाही एवढंच राहिलेलं नाही, हा आजार झालाय. ज्याचं सगळं जगणं अंगाच्या जोरावर चाललेलं असतं, त्याला मोठी दुखापत झाली की असं होतं. माझ्याकडे पैलवान येतात, पळणाऱ्या मुली येतात. हाड जुळतं, आणि इकडे कुणाचं लक्षच नसतं." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. "या लागू पडायला दोन-तीन आठवडे जातील. तोवर यांना एकटं सोडायचं नाही. घरात जे काही धोक्याचं असेल ते उचलून बाहेर ठेवायचं. आणि दर आठवड्याला माझ्याकडे यायचं. जमेल?"

"जमेल," मी म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं. यांना विचारतेय."

दिगंबर आपल्या तळहाताकडे बघत होता. मग म्हणाला, "येतो."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्याबाई दारातच उभ्या होत्या. दोघांना एकत्र आलेलं बघून त्या खाली पायरीवरच बसल्या. मामंजी दुकानातून बाहेर आले. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. एकदा थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

मामंजींनी हातातला पाना खाली ठेवला. "म्हणजे वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलंस याला? गावात कळलं तर..." ते दिगंबरकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता.

"घरात धोक्याचं काही ठेवायचं नाही म्हणाल्या डॉक्टर," मी आत्याबाईंना म्हणाले. "मळ्यातली फवारणीची औषधं..."

"ती मी कवाच माझ्या भावाकडं नेऊन टाकलीत," आत्याबाई म्हणाल्या. "महिना झाला."

मामंजी त्यांच्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"माझं पोर हाय ते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "दिसत होतं मला. पण विचारायची छाती होईना. वाटायचं, तोंडातनं शब्द काढला आन् खरं झालं तर? काकी काय बी बोलायची, तिला उत्तर द्यायचं बी सुचायचं न्हाई. माझं सगळं ध्यान आत असायचं." मग त्यांनी माझा हात धरून मला पायरीवर आपल्या शेजारी बसवलं. "आज ह्यो तुला सोडायला चालला, तवा वाटलं तुला थांबवावं. काय म्हणून थांबवू?"

मेथीच्या काडीचा इतके दिवस मी लावलेला अर्थ असा एका क्षणात उलटला.

पुढचे महिने काही गोष्टीतल्यासारखे गेले नाहीत. गोळ्यांनी आधी नुसती झोप यायची. बरं वाटतंय म्हणून त्याने एकदा मनानेच गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडला. मी चिडले, तो चिडला, आत्याबाईंनी दोघांना गप्प केलं. दर आठवड्याला मामंजी दुकान बंद करून त्याच्याबरोबर साताऱ्याला जात. गावात विचारलं तर म्हणत, "पोराला डॉक्टरला दाखवायला निघालोय," आणि कसला डॉक्टर ते सांगायचं की नाही हे समोरच्या माणसाकडे बघून ठरवत. पुढे पुढे सरळ सांगू लागले. पावसाळ्यात कधीतरी दिगंबर मागच्या दाराच्या उंबऱ्यावर चवड्यांवर उभा राहून टाचा वरखाली करू लागला. मी भाकरी थापत बघायचे. आधी चौकट धरून, मग हात सोडून.

दिवाळीनंतर तो पुन्हा मैदानात उतरला. पळत होता, पण उठताना ती पहिली झेप राहिली नव्हती, हे मला, खेळ न कळणारीलाही, दिसत होतं. हिवाळ्यात राज्याच्या संघाची निवड होती. मी देवस्थळी बाईंना विचारलं, त्याला जाऊ देऊ का? त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊ देणाऱ्या कोण? तो जाईल. काय होईल ते आपण सगळे मिळून बघू."

निवडीहून तो दुपारी परत आला. चपला काढल्या, हातपाय धुतले. आम्ही तिघंही आपापली कामं करत असल्याचं दाखवत होतो.

"नाव नाही," तो म्हणाला.

मी ताट वाढलं. तो जेवला, नेहमीपेक्षा कमी, पण जेवला. हात धुऊन बाहेर आला आणि पायात चपला सरकवल्या.

"मळ्यात जाऊन येतो जरा," तो माझ्याकडे बघून म्हणाला.

त्या लोणंदच्या दिवसापासून आम्ही त्याला एकट्याला कुठे सोडलं नव्हतं. कुणी ना कुणी काहीतरी निमित्त काढून बरोबर जायचंच, आणि हे त्यालाही माहीत होतं. आत्याबाईंनी लगेच पदर खोचला आणि उठायला लागल्या. मामंजी दुकानाच्या दारात आले. दिगंबर कुणाकडेच बघत नव्हता, फक्त माझ्याकडे. त्याचे डोळे लाल होते, रडून आलेला असणार. पण ते डोळे माझ्याकडे बघत होते, माझ्यातून पलीकडे नाही.

"एकटे जाताय?" मी विचारलं.

"हो."

मी आत्याबाईंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"या जाऊन," मी म्हणाले.

तो गेला. आत्याबाईंनी जपमाळ घेतली आणि एकही मणी पुढे सरकवला नाही. मामंजी एकच चाक फिरवत बसले. मी धान्य निवडायला घेतलं, चाळणीत काय आहे ते मला दिसत नव्हतं. आपण चुकलो की काय, हा एकच विचार डोक्यात घोळत होता. ऊन ओट्यावरून उतरलं, समोरच्या भिंतीवर चढलं.

मग फाटकाची कडी वाजली. दिगंबर आत आला. त्याच्या सदऱ्याच्या ओच्यात वांगी होती, पायांना ओली माती.

"बांध फुटलाय खालच्या वाफ्याचा," तो मामंजींना म्हणाला. "सकाळी आपण दोघं जाऊ. एकट्याचं काम नाही ते."

त्याने वांगी माझ्यापुढे सुपात ओतली आणि पाय धुवायला मोरीकडे गेला.